अठरा नंबरचा आवाज

मनवा घाडीला माणसं चेहऱ्याआधी आवाजाने लक्षात राहायची. लालबागच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला त्यांची खोली. अख्ख्या मजल्याचं बोलणं तिथे येऊन थांबायचं आणि मनवाच्या कानात मुक्कामाला राहायचं. सहा-सात वर्षांची असताना एकदा तिने दाराआडून शेजारच्या काकूंच्या आवाजात त्यांच्याच नवऱ्याला हाक मारली. तो बिचारा चहा अर्धा टाकून घराकडे धावला. मालन, म्हणजे मनवाची आई, हसता हसता तिच्या पाठीत धपाटा घालून म्हणाली होती, "गो, लोकांचे आवाज घेतंस, एक दिवस तुझो खंय ठेवलंस ता इसारतलंस."

पुढे शाळेच्या गॅदरिंगमध्ये, गणपतीच्या मंडळात, सोसायटीच्या पूजेला मनवा हुकमी ठरली. नगरसेवक, भाजीवाला, टीव्हीवरची बाई, काय पाहिजे ते घ्या. पण आवाजावर बी.एस्सी. होता येत नाही. दादरच्या कॉलेजात संख्याशास्त्र घेतलं आणि पहिल्याच सेमिस्टरला दोन विषयांत केटी लागल्या. नापास झालेला विषय पुढच्या वर्गात सोबत घेऊन चालायचा, याला केटी म्हणतात. ओझं पाठीवरून उतरत नाही, फक्त चालायची परवानगी मिळते. मनवाला पाठ काही होईना. पान उघडलं की दुसऱ्या ओळीवर पहिली पुसली जायची.

तिला यातून बाहेर काढलं संघमित्रा गमरेने. रोल नंबर अठरा गमरे, एकोणीस घाडी. म्हणून प्रॅक्टिकलला एकाच टेबलावर. बुटकी, घट्ट वेणी, लाकडी पेन्सिलने लिहिणारी मुलगी. राहायला परळला, वडील बेस्टमध्ये, आई बालवाडीत मदतनीस. बोलायची मोजकं. आठवडाभर तिने मनवाचं निरीक्षण केलं आणि एके दिवशी पाठारे सरांची नोट्सची वही तिच्यासमोर सरकवत म्हणाली, "तू हे स्वतः वाचूच नको. सर होऊन वाच."

पाठारे सर ठाकूरद्वारला राहायचे. सदतीस वर्षं त्यांनी एकच विषय शिकवला होता आणि प्रत्येक वाक्याआधी ते घसा असा साफ करत की जणू वाक्य तिथेच अडकलेलं असावं. मनवाने घसा साफ केला. "हं. सरासरीवर भरवसा ठेवू नका. तिच्यात कोण बुडालं, ते दिसत नाही." संघमित्रा हसली नाही. तिने पुस्तक मिटलं आणि विचारलं, "आता सांग, सरांनी काय सांगितलं?" आणि मनवाला सगळं आठवत होतं.

तेव्हापासून परळच्या चाळीतल्या विहाराच्या वरच्या खोलीत, अभ्यासिकेत, रोज संध्याकाळी हा खेळ चालायचा. तिसरा दीपक, रे रोडला लाकडाच्या वखारींमागे राहणारा. त्याचं प्रत्येक बोलणं "मी काय बोलतो" पासून सुरू व्हायचं आणि बहुतेक वेळा तिथेच संपायचं. संघमित्रा शिकवायची, मनवा सर व्हायची, दीपक उलटसुलट प्रश्न विचारणारा ढ विद्यार्थी व्हायचा, आणि त्यासाठी त्याला फारसे कष्ट पडत नसत. मनवाच्या दोन्ही केट्या निघाल्या. दुसऱ्या वर्षाला तिला साठ टक्के पडले तेव्हा मालनने चाळीत पेढे वाटले आणि प्रत्येक दारात सांगितलं की परळच्या मुलीने माझ्या चेडवाला मार्गाला लावलं.

या तिघांचा एक रिवाज होता. निकाल एकट्याने बघायचा नाही. तिघांनी विहाराच्या पायरीवर बसायचं, एकाच मोबाइलवर तीन बैठक क्रमांक टाकायचे, आणि जे काय असेल ते तिघांनी एकदम बघायचं. चौथ्या सेमिस्टरपर्यंत तसंच चाललं. पाचव्याचा निकाल जानेवारीच्या शेवटी लागला तेव्हा मात्र संघमित्रा पायरीवर उशिरा आली. "माझं मी बघितलं सकाळी," ती म्हणाली, "झालं. तुम्ही बघा." मनवाला पाठारे सरांच्या पेपरात ए ग्रेड होती. दीपकही सुटला होता. दोघांनी असा काही आरडाओरडा केला की खालून कुणीतरी, विहारात बसलोय रे पोरांनो, अशी हाक दिली. संघमित्राला कुणी काही विचारलं नाही. तिला काय विचारायचं? विहीर आटली का, हे आपण कळशी भरून वर आल्यावर विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला. आईला शीवच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलंय, थोडे दिवस कॉलेजला येणार नाही, तिथे कुणाला सोडत नाहीत आणि घरी कुणी नसतं, तेव्हा येऊ नका. शेवटी एक ओळ: हजेरीचं बघशील का?

हजेरी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेली की नाव ब्लॅकलिस्टमध्ये लागायचं, नोटीस बोर्डावर, आणि घरी फोन जायचा. बाकीच्या प्राध्यापकांच्या तासाला कुणीही कुणाची प्रॉक्सी मारावी, पण पाठारे सरांचं तसं नव्हतं. ते मस्टरमधून मान वर काढत नसत. म्हणायचे, मला तोंडं बघायची गरज नाही, मी आवाजावरून ओळखतो. आणि खरंच ओळखायचे. दर वर्षी चार-पाच पोरांना त्यांनी असं पकडलेलं होतं. त्यामुळे त्यांच्या तासाला दुसऱ्याचं "प्रेझेंट सर" म्हणायची छाती फक्त एकाच मुलीची होती.

"एटीन," सर म्हणाले.

मनवाने मान खाली घातली. संघमित्राचा आवाज काढायला सगळ्यांत सोपा, असं तिचं मत होतं: थोडा नाकातून, आणि शेवट वर उचललेला, जणू प्रत्येक वाक्याच्या टोकाला परवानगी मागतेय. "प्रेझेंट सर?"

"नाइन्टीन."

"प्रेझेंट सर." हा तिचा स्वतःचा.

सरांचं पेन अडखळलं नाही. मागच्या बाकावरून दीपकने तिच्या पाठीत बोट खुपसलं, आणि तास संपल्यावर अख्खा वर्ग तिच्याभोवती जमला. मनवाला बरं वाटलं. खोटं कशाला बोला. मैत्रिणीसाठी आपण काहीतरी करतोय आणि ते आपल्यालाच जमतंय, याच्याइतकं गोड दुसरं काही नसतं. रोज संध्याकाळी ती मेसेज टाकायची, आज चारही लेक्चर लावली. पलीकडून यायचं, थँक्स गं. दुसऱ्या आठवड्यात नुसतं, थँक्स. तिसऱ्या आठवड्यात फक्त अंगठा.

मालन मधूनमधून विचारायची, "त्या संघमित्राच्या आवशीक बघूक गेलंस काय?" मनवा सांगायची की तिथे सोडत नाहीत. मालनला ते पटत नसे. लालबागमध्ये आजाऱ्याला बघायला जायचं म्हणजे जायचंच. वॉचमनने अडवलं तर त्याच्या गावाची चौकशी करायची, गाववाला निघाला तर आत, नाही निघाला तरी आत. पेज नेऊन दे, शहाळं नेऊन दे, असं तिने दोन-तीनदा सुचवलं. "आजाऱ्याक बघूक जावक नाय तर मैत्रीण ती कसली?" मनवा म्हणाली, जाते रविवारी. रविवार आले आणि गेले. हॉस्पिटलात जाऊन बोलायचं काय, हा प्रश्न होता. वर्गात बसल्या जागी दोन शब्द बोलणं सोपं होतं.

असे कॉलेजचे सव्वीस दिवस गेले.

मार्च लागला की लालबागच्या मसाला गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. वर्षाचा मसाला करायला अर्ध्या मुंबईतल्या बायका तिथे येतात. मिरची घ्यायची, भाजून घ्यायची आणि डंकावर कुटायला रांग लावायची. एका शनिवारी मालन आणि मनवा तोंडाला ओढणी बांधून त्या रांगेत उभ्या होत्या. पुढे चार बायका सोडून एक बाई पदराने डोळे पुसत शिंकत होती. शिंक थांबल्यावर तिने मागे वळून बघितलं आणि मनवाला ओळखलं. ती बकुळा गमरे होती, संघमित्राची आई. धडधाकट, हातात पाच किलोची पिशवी.

"काय गं मनवा, वाट विसरलीस आमची?" बकुळाकाकू तिथूनच म्हणाल्या. "कॉलेज फार उशिरा सुटतं म्हणे हल्ली. आमची तर सातला येते. आणि डबा असा काय तो अर्धा परत आणते? कँटीनमध्ये खाता की काय सगळ्या?"

मनवाच्या तोंडून आपोआप निघालं, हो काकू, प्रोजेक्ट आहे ना. म्हणजे पुन्हा तिने प्रॉक्सीच मारली. मग तिने विचारलं, तुमची तब्येत?

"मला काय धाड भरलीय?" काकू हसल्या आणि पुन्हा शिंकल्या.

मालनने मनवाकडे बघितलं. तिने रांगेतून मनवाला हलकेच बाहेर ढकललं.

गल्लीच्या तोंडाशी उभं राहून मनवाने दीपकला फोन लावला. तो आधी म्हणाला, बॉयफ्रेंड असेल. मग म्हणाला, "मी काय बोलतो... सकाळी डबा घेऊन निघते, सातला येते. कॉलेजला येत नाही. मग दिवसभर असते कुठे ती?" दोघांनाही या प्रश्नाच्या पुढे जायची भीती वाटली. वर्तमानपत्रात त्यांच्या वयाच्या मुलांच्या बातम्या येतात, त्या दोघांनीही वाचलेल्या होत्या. संघमित्राचा फोन वाजत राहिला. रात्री एक अंगठा आला, तेवढ्यावर मनवाने रविवार काढला.

सोमवारी तिने लेक्चरं सोडली आणि शीवला गेली. दीपकचं म्हणणं होतं, आईच ॲडमिट नाही तर ती तिथे कशाला असेल? पण धागा म्हणून हातात तेवढाच होता. हॉस्पिटलच्या ओपीडीच्या हॉलमध्ये शेकडो माणसं. केसपेपरच्या खिडक्यांसमोर रांगा, बाकांवर पिशव्या, जमिनीवर झोपलेली पोरं. मनवा चेहरे शोधत नव्हती. ती कान देऊन चालली होती. आणि खांबाच्या पलीकडून तिला ऐकू आलं, "आजोबा, वय किती लिहू?"

संघमित्रा बाकावर बसून साताऱ्याकडच्या एका म्हाताऱ्याचा कागद भरत होती. मांडीवर डब्याची पिशवी. म्हातारा तिला ताई म्हणत होता. कागद भरून झाल्यावर तिने त्याला कोणत्या खिडकीला जायचं ते दाखवलं, आणि मग तिला मनवा दिसली. ती दचकली नाही. बाजूला सरकून तिने जागा केली.

मनवा तिच्या शेजारी बसली.

"दोन मार्कांनी गेला गं," संघमित्रा म्हणाली. "सरांचाच. ज्यात तुला ए आहे."

मग ती तुकड्या-तुकड्याने सांगत गेली. त्या सकाळी घरीच तिने निकाल उघडला. पायरीवर आली ती सांगायलाच आली होती, पण दोघं नाचत होते. त्याच आठवड्यात चाळीच्या मंडळाची मुलं घरी आली. चौदा एप्रिलला विहारात गुणवंतांचा सत्कार असतो, मार्कशीटची झेरॉक्स द्या म्हणाली. बाबांनी तिचं नाव स्वतःच्या हाताने यादीत लिहिलं. गमऱ्यांच्या घरात पहिली ग्रॅज्युएट. तिने पुस्तक उघडलं, पण अक्षरं नुसती दिसत होती, वाचता येत नव्हती. झोप येईना. वर्गात यायचं तर ज्यांना आपण शिकवलं ते पास आणि आपण नापास, हे तोंड घेऊन कसं यायचं? म्हणून आईचं आजारपण काढलं.

"पण इथे का येऊन बसतेस?"

संघमित्राने डब्याच्या पिशवीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. "खोटं तर बोललीच होती. म्हटलं, निदान जागा तरी खरी असू दे. आणि इथे कुणी विचारत नाही, का बसलीस म्हणून. इथे सगळ्यांना काहीतरी झालेलंच असतं."

वर बोट करून ती म्हणाली की मनाच्या आजाराची ओपीडी तिसऱ्या मजल्यावर आहे. रोज जिन्यापर्यंत जाते. लोकांना पोचवते, पण स्वतःचं पाऊल पहिल्या पायरीवर पडत नाही. मनवा म्हणाली, आत्ता चल, मी येते. संघमित्राने मान हलवली. घरी सांगू नको, एवढंच तिचं मागणं होतं. आणि हजेरी. हजेरी लावत राहा. नाव बोर्डावर लागलं तर घरी फोन जाईल. परीक्षेपर्यंत ढकल.

"आणि परीक्षेनंतर काय?" मनवाने विचारलं.

"बघीन मी काय ते," संघमित्रा म्हणाली.

मनवाच्या कानाने हे वाक्य पकडलं आणि सोडलंच नाही. घरी जाताना बसमध्ये, जेवताना, अंथरुणावर ते पुन्हा पुन्हा वाजत राहिलं. त्यात राग नव्हता, रडणं नव्हतं. त्यात कुणीच नव्हतं. एवढ्या वर्षांत हजार आवाज काढले, पण हा आवाज काढून बघायची तिची हिंमत होईना.

दुसऱ्या दिवशी पाठारे सरांचा पहिला तास. त्यांनी घसा साफ केला, मस्टर उघडलं. पंधरा, सोळा, सतरा.

"एटीन."

नाकातला तो सूर मनवाच्या घशात तयार होता. सव्वीस दिवसांची सवय. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. तिने दात आवळून धरले.

"एटीन," सर पुन्हा म्हणाले, आणि सदतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदा हजेरीच्या मध्येच त्यांनी मान वर केली. "गमरे आली नाही आज?"

मागून दीपकचा श्वास तिला ऐकू आला. ती उभी राहिली.

"सर, गमरे जानेवारीपासून आलेली नाही. मी बोलत होते."

वर्गात आधी एक-दोघं हसली. मग कुणीच हसलं नाही. सरांनी पेनाचं टोपण लावलं, मस्टर मिटलं, आणि तास न घेता तिला स्टाफरूममध्ये यायला सांगितलं. जाताना दीपक दातांतल्या दातांत म्हणाला, "येडी आहेस का तू? दोघींची वाट लावलीस." त्याचं खोटं नव्हतं.

स्टाफरूममध्ये तिने सगळं सांगितलं. निकाल, हॉस्पिटल, तिसरा मजला, आणि ते "बघीन मी काय ते". सर रागावतील अशी तयारी तिने केली होती. ते रागावले नाहीत, आणि ते जास्त अवघड गेलं. त्यांनी आधी गमऱ्यांच्या घरचा नंबर ऑफिसातून मागवला. मग मस्टर उघडून लाल पेन काढलं आणि म्हणाले, "या प्रत्येक पानाखाली माझी सही आहे, घाडी. तारखा वाच."

मनवा वाचत गेली, एकोणतीस जानेवारी, तीस जानेवारी, एकतीस. प्रत्येक तारखेला सर एक खूण खोडत गेले. फेब्रुवारी फार लांब होता. मधेच तिचा आवाज फुटला, तेव्हा सर थांबले, तिला पाणी पिऊ दिलं आणि म्हणाले, पुढची. शेवटची खूण खोडल्यावर ते आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाले, "मी आवाजावरून ओळखतो म्हणे." घसा साफ करायलाही विसरले.

संध्याकाळी बकुळाकाकू आणि संघमित्राचे वडील अजितकाका कॉलेजात आले. काका बेस्टच्या खाकी कपड्यांतच होते. सर काय सांगताहेत ते त्यांनी उभ्या उभ्या ऐकलं. काकूंनी दोनच प्रश्न विचारले, पोरगी आत्ता कुठे आहे आणि नेमकी कुठल्या मजल्यावर न्यायची. दारात उभ्या मनवाजवळून जाताना त्या थांबल्या.

"पाच आठवडे मी आजारी होते तुमच्या लेखी," त्या म्हणाल्या. "तुमच्यातलं एक पोर, एकच, मला बघायला आलं असतं तर?"

उत्तराची वाट न बघता त्या काकांच्या मागे निघाल्या.

दुसऱ्या दिवशी मालनलाही कॉलेजात यावं लागलं. मनवाकडून लेखी हमी घेतली, पुन्हा असं झालं तर परीक्षेला बसू देणार नाही. संघमित्राला आईवडील तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, दर आठवड्याला बोलायला बोलावलं आणि कॉलेजसाठी पत्र दिलं. केटीचा फॉर्म भरायची मुदत संपायच्या आदल्या दिवशी सरांनी त्या फॉर्मवर सही केली. हे सगळं मनवाला दीपककडून कळलं. संघमित्राने एकच मेसेज पाठवला होता: तुला एवढंच काम दिलं होतं. त्यानंतर नऊ दिवस काही नाही, अंगठासुद्धा नाही.

दहाव्या दिवशी मालनने नव्या मसाल्याची बरणी मनवाच्या हातात ठेवली. "हो मसालो दी तेंका. आणि भायल्या भायर परत येव नको."

बकुळाकाकूंनी दार उघडलं, बरणी घेतली, झाकण काढून वास घेतला आणि बाजूला झाल्या. खोलीत संघमित्रा भिंतीकडे तोंड करून पडली होती. उशाशी पुस्तक, पाठारे सरांच्याच विषयाचं. मनवा जमिनीवर बसली. काकू चहा ठेवायला मोरीपलीकडच्या ओट्याकडे गेल्या आणि भांडी जरा मोठ्याने वाजवू लागल्या.

"वाचू?" मनवाने विचारलं.

तिने पुस्तक उचललं, पान काढलं, सवयीने घसा साफ केला.

"सर नको होऊ," भिंतीकडून आवाज आला.

"मग कोण?"

"कुणीच नको. तुझ्यात वाच."

मनवा वाचायला लागली. तिला स्वतःच्या आवाजात काही वाचायची सवय राहिली नव्हती. कुठे थांबायचं, कुठला शब्द जड करायचा, काही कळेना. एखादं पोर दुसरीचं पुस्तक वाचतं तशी ती अडखळत अडखळत अर्धं पान उतरली. एका सूत्राशी आली आणि छेदात भलतंच काहीतरी वाचून पुढे गेली.

"एन वजा एक," संघमित्रा म्हणाली. अजून भिंतीकडेच बघत. "खाली एन वजा एक आहे. परत वाच."

मनवाने परत वाचलं. ओट्यावरची भांडी वाजायची थांबली.

त्यानंतर मनवा रोज गेली. कधी चार पानं झाली, कधी अर्धं. दोन दिवस तर एकही नाही; नुसता चहा. दीपक चौथ्या दिवसापासून यायला लागला, म्हणाला, मी काय बोलतो, मलाही यातलं काही येत नाही. ते शंभर टक्के खरं होतं, आणि संघमित्रा त्या दिवशी उठून बसली. सत्काराच्या यादीतलं नाव अजितकाकांनी मंडळात जाऊन स्वतःच खोडलं. कुणी विचारलं तर सांगायचे, पोरीची तब्येत बरी नाही, पुढच्या वर्षी बघू. लपवण्यासारखं त्यात त्यांना काही वाटलं नाही.

मार्च संपता संपता सेमिस्टरची शेवटची लेक्चरं उरली. त्या गुरुवारी संघमित्रा वर्गात आली ती तास सुरू झाल्यावर, मागच्या दाराने. शेवटच्या बाकावर बसली. सरांचं डोकं मस्टरमध्ये होतं. त्यांनी पाहिलं नाही. मनवाने मागे वळून बघितलं नाही, तरी वेणीचं रबर, पिशवीची चेन, बाकाची कुरकुर, सगळं तिला ऐकू आलं.

सोळा. सतरा.

"एटीन."

"प्रेझेंट सर."

सरांचं पेन थांबलं. मान खालीच ठेवून त्यांनी कान टवकारला. "कोण आहे ते?" ते म्हणाले, आणि आवाजात धार होती. "हा गमरेचा आवाज नाही. परत सुरू झालं का हे?"

मनवा मात्र सरांचं ऐकतच नव्हती. ती नुकतेच ऐकलेले दोन शब्द ऐकत होती. ते नाकातून आलेले नव्हते. त्यांचा शेवट वर उचललेला नव्हता. तो खाली जात होता, सावकाश, पायरी उतरावी तसा. आणि तिला आठवत गेलं, अभ्यासिकेत, प्रॅक्टिकलच्या टेबलावर, वही पुढे सरकवताना, तो पहिल्यापासून तसाच जात होता. सव्वीस दिवस तिने भलत्याच मुलीची हजेरी लावली होती. आणि ती खरी वाटली, सरांना, वर्गाला, सगळ्यांत आधी तिला.

"सर," मनवा उभी राहून म्हणाली, "ती आली आहे."

सरांनी चष्मा काढला. मागच्या बाकावर संघमित्रा उभी होती, एका हाताने बाक घट्ट धरून. जरा वाळलेली, डोळ्यांखाली काळं. सर तिच्याकडे बघत राहिले. मग चष्मा घातला, पण मान खाली घातली नाही. सबंध वर्गाकडे एकदा बघितलं आणि घसा साफ केला.

"एटीन," ते पुन्हा म्हणाले.

"प्रेझेंट सर," संघमित्रा म्हणाली.

सरांनी खूण केली. "नाइन्टीन."

मनवाला उत्तर द्यायला थोडा वेळ लागला.